दहा अँपिअर, पास

नवघर, भाईंदर पूर्व
११ नोव्हेंबर २०२४

चि. रसिका हिला अण्णांचा आशीर्वाद, हवा असेल तर.

फोन तू बंद केलास, म्हणजे माझ्यापुरता. आईचा लागतो, माझा लागत नाही. हरकत नाही. मी दापोलीहून इथे आलो तेव्हा घरचं सगळं पत्रानेच कळायचं, कोण जन्मला आणि कोण गेला. नवघरहून तुमच्या पूनम सागरला रिक्षाने चहा गार व्हायच्या आत पोचता येतं. पोस्टाने हे पाकीट कुठेकुठे हिंडून येईल देव जाणे. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

तू जितेशशी लग्न केलंस, मी आलो नाही, हे जुनं झालं. मला त्याच्या जातीचं काही नव्हतं, लोक उगाच बोलतात. नवघर गावातलाच आगऱ्याचा पोरगा, दिसायला बरा, कामाला वाघ. पण माझ्याच गाळ्यात गीझरच्या कॉइली गुंडाळायला शिकला, माझ्याच डब्यातलं कालवण खाल्लं, आणि माझीच पोरगी घेऊन गेला. वर गाळा घेतला तो माझ्या पाठीला पाठ लावून! मधे विटेची एक पातळ भिंत. स्वस्त मिळाला म्हणे.

माझे कान तुला ठाऊक आहेत. शेजारच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशची मोटर अडकली की त्यांच्या मिस्त्रीच्या आधी मी उठायचो. तेव्हा तुमच्या गाळ्यातलं मला सगळं ऐकू येतं. तू आलीस की चपला काढतेस त्या ऐकू येतात. तो तुला 'बस गं जरा, पाय सुजतील' म्हणतो तेही.

उत्तनकडच्या नव्या हॉटेलची तीस गीझरांची ऑर्डर त्याला मिळाली हेही भिंतीनेच सांगितलं. अभिनंदन. नीट पार पडली तर तुमचा धंदा उभा राहील. फसली तर गाळा जाईल, कारण भाडं भरायला त्याच्याकडे दुसरं काम नाही. मी वाईट चिंतत नाही, जे आहे ते लिहितोय.

आई सांगत होती, त्याने टेबल माझ्यासारखंच हुबेहूब केलंय. डावीकडे वॉटमीटर, उजवीकडे अँमीटर, आणि डोक्यावर लाकडी देव्हारा. देवसुद्धा उचलला पठ्ठ्याने. मला खूप हसू आलं.

आता मुद्द्याचं. मार्चमध्ये तुझी तारीख. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत, ती मी मोडणार नाही. तुझी खोली रंगवून घेतली, पिस्ता रंग, तुला आवडतो तो. तू म्हणालीस म्हणे, जितेशला घरात घेतलंत तर येईन. त्याने दारापर्यंत यावं, तुझी पिशवी ठेवावी आणि जावं. तू मात्र ये. आज नाही तर परिस्थिती तुला आणेल, आणि ती आणेल तेव्हा मी 'सांगितलं होतं ना' असं एका शब्दाने म्हणणार नाही.

तुझा,
अण्णा


१४ नोव्हेंबर
(हे पाकिटात जाणार नाही.)

रसिका,

एवढी झकास गोष्ट, आणि सांगायला माणूस नाही. आईला सांगू शकत नाही, ती तुझ्याकडे जाते. मग तुलाच सांगतो आणि कपाटात ठेवतो.

आज दुपारी पंख्याचा आवाज बसला. इस्टेटीतल्या पॉलिशच्या मोटरी एकदम चालू झाल्या की मागच्या गाळ्यांत व्होल्टेज दोनशेवर येतं. मला मीटर बघायला लागत नाही, पंखा सांगतो. त्याच वेळी भिंतीपलीकडून जितेशचा आवाज आला, 'पंधराशेच दाखवतंय, तार तोड!' थोड्या वेळाने परत, 'अजून तोड!' आणि मग खुशीत: 'दहा अँपिअर, दोन हजार, पास!'

मी हातातला चहा खाली ठेवला. हसून सांडला असता.

बघ कसं आहे. गीझर चालणार दोनशेतीस व्होल्टवर. दोन हजार वॅटचा एलिमेंट तिथे पावणेनऊ अँपिअर घेतो. व्होल्ट गुणिले अँपिअर, झाले वॅट. व्होल्ट भागिले अँपिअर, झाले ओहम; सव्वीस आणि वर थोडे. हाच चांगला एलिमेंट दुपारी आमच्या दोनशेच्या लाईनवर लावलास तर साडेसातच अँपिअर घेईल आणि काटा पंधराशेवर थांबेल. म्हणजे एलिमेंट खरा, लाईन खोटी. ज्याला हे कळत नाही तो तार कमी करत सुटणार, काटा दोन हजारावर येईपर्यंत. दोनशेला दहा अँपिअर, म्हणजे राहिले फक्त वीस ओहम. हा वीसवाला उत्तनला दोनशेतीसवर लागला की साडेअकरा अँपिअर ओढणार, सव्वीसशेच्या वर वॅट काढणार, आणि काही दिवसांत आतल्या आत भाजून तुटणार.

मग माझ्याकडे दुपारी कॉइली बरोबर कशा व्हायच्या? तीच तर गंमत. देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे मी डिमर बसवलाय. काळी गोल मूठ, फिरवली की टेबलाला जाणारं व्होल्टेज वरखाली होतं. व्होल्टमीटर पण तिथेच, मूर्तीच्या पाठीला, टेबलावर ठेवलाच नाही. दुपारी पंखा बसला की मी चप्पल काढायचो, हात धुवायचो, उदबत्ती लावायचो आणि पाठमोरा उभा राहून मूठ दोनशेतीसवर आणायचो. पोरं मागे हात जोडून उभी. जितेश सगळ्यात पुढे, डोळे मिटून! इतकी वर्षं त्याने माझ्या डिमरला नमस्कार केला. आणि आता स्वतःच्या गाळ्यात देव्हारा टांगला, आत नुसता गणपती.

का लपवलं म्हणशील? कारागिराला पाऊण विद्या द्यावी. पूर्ण दिली की तो समोर गाळा टाकतो. मला कोणी पूर्ण दिली नव्हती, मी रात्रपाळीला मालक झोपल्यावर चोरली.

हे आपल्या दोघांतही राहणार नाही, माझ्या एकट्यात राहील. मूर्ती पुसायला शनिवारी आई यायची, पण तिला विजेतलं काय कळतंय.


नवघर
२ डिसेंबर २०२४

चि. रसिका,

तुझा प्रश्न आईने पोचवला. मांदेली साफ करत बसली होती, हाताला खवले, मान खाली.

'अहो, रसिका विचारत होती. तुमच्या टेबलावर दोन हजाराला पावणेनऊ यायचे ना? त्यांच्याकडे दहा येतात. असं का?'

मी म्हटलं, 'तिने स्वतः विचारलं?'

'स्वतः. म्हणाली, अण्णांना माहीत असेल.'

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढं भांडलीस तरी अडलं की अण्णा आठवतात. लहानपणी गणित अडलं की गाळ्यात यायचीस, माझ्या स्टुलावर बसायचीस, आणि मी उत्तर सांगेपर्यंत पेन्सिल चावायचीस.

तर उत्तर ऐक. मीटर नवा आहे तुमचा. नव्या मीटरचा काटा थोडा चढा असतो, वापरून वापरून जागेवर येतो. माझाही सुरुवातीला असाच दाखवायचा. वॉटमीटरवर भरवसा ठेवा. वॅट दोन हजार भरले ना? मग गिऱ्हाईक वॅट विकत घेतं, अँपिअर नाही. जितेशला म्हणावं, घाबरू नकोस, हात चालव. आणि आता अशा आकडेमोडीत डोकं घालू नकोस, तुझ्या अवस्थेत बरं नाही. आकड्यांशी पुरुषांना भांडू दे.

खोलीला पडदे घेतले. आई म्हणते पाळणा कोकणातून मागवायचा, माझ्या आत्येचा आहे, शिसवी. मी म्हटलं मागव. पाळणा आला की मी स्वतः त्याला हूक मारणार.

पोरी, एक सांगतो. माणूस फसतो तेव्हा बाईने त्याच्याबरोबर फसायचं असतं असं कुठे लिहिलेलं नाही. तुझ्यामागे घर आहे.

अण्णा

(ता. क. परवा भिंतीतून तुझं खोकणं ऐकू आलं. आल्याचा रस आईबरोबर पाठवलाय. तो घेतलास की ओतलास?)


नवघर
९ जानेवारी २०२५

चि. रसिका,

तुमच्या गाळ्यात आनंदीआनंद दिसतो. रोज दुपारी ऐकतोय, 'दहा अँपिअर, दोन हजार, पास!' हल्ली तर भिंतीला तोंड लावून ओरडल्यासारखं ऐकू येतं, आणि मागे तुमचं खिदळणं. काम नीट चाललं की माणसाच्या आवाजात असं हसू शिरतं. ऐकून मलाही चेव येतो.

आईने काल दुसरं विचारलं. ही बाई आजकाल तुझी वकील झालीय. मी दाढी करत होतो, गालाला फेस, आणि ही मागे उभी.

'रसिका विचारते, दुपारी देवाला काय करायचात?'

'उदबत्ती लावायचो.'

'नुसती उदबत्ती?'

'आणि हात जोडायचो. काय अभिषेक करू गाळ्यात?'

'जितेशही लावतो उदबत्ती.'

'मग झालं तर. देव एकच.'

आरशात बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती, गालाकडे नाही, डोळ्यांकडे. म्हणाली, 'तिला काही सांगायचं राहिलं असेल तर आत्ता सांगा. माल अजून गाळ्यात आहे.' मी म्हटलं, 'माल त्यांचा, गाळा त्यांचा, देव पण त्यांचा. मी कोण?' ती निघून गेली. दुपारच्या जेवणात मीठ नव्हतं. असो.

तर तुला लेखी उत्तर देतो, म्हणजे मधे वकील नको. देवाला श्रद्धा लागते. ज्याने दुसऱ्याच्या घरातली माणसं न विचारता उचलली त्याने दुसऱ्याचा देव उचलला तर तो पावेलच असं नाही. मी चेष्टा करतोय, मनाला लावून घेऊ नकोस. जितेशचं काम चोख असणार. माझ्या हाताखालचा आहे.

पाळणा आलाय. हूक मारला. मोकळा हलवून बघितला, अजिबात कुरकुरत नाही.

अण्णा


२ फेब्रुवारी
(कपाटात.)

रसिका,

माल काल गेला. टेम्पो सुरू झाला, तू 'सावकाश न्या हो' म्हणालीस, मी शटरमागे उभा होतो.

मी हॉटेलच्या मिस्त्रीकडून सहज माहिती काढलीय. तो माझ्या ओळखीचा, भाईंदर पश्चिमेला आमची चहाची टपरी एक. तीन फेज, प्रत्येक फेजवर दहा गीझर. पावणेनऊच्या हिशेबाने फेजला सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी अँपिअर होतात, आणि मेन ब्रेकर शंभरचा बसवलाय. बरोबर बसवलाय. आता तुमचे वीस ओहमवाले लाव. साडेअकरा गुणिले दहा, एकशे पंधरा. एखाददुसरा गीझर चालू असेल तोवर कोणाला काही कळणार नाही. पण पंधरा तारखेला तिथे लग्न आहे, सगळ्या खोल्या भरलेल्या. सकाळी हळद लावलेली सगळी माणसं एकदम अंघोळीला शिरली की थोड्याच वेळात मेन पडणार. परत चढवतील, परत पडणार. नवरी थंड पाण्याने कुडकुडणार, नवऱ्याची आत्या मॅनेजरच्या अंगावर जाणार, मॅनेजर जितेशच्या.

कोणी मरणार नाही. ते मी आधी बघितलं. ब्रेकर चांगल्या कंपनीचा आहे, वायरिंग नवं आहे. मी राक्षस नाही.

त्यानंतर तीसही एलिमेंट बदलायचे, तेही स्वतःच्या खर्चाने. त्याच्याच्याने होणार नाही. गाळा जाईल. मग त्याला मी परत कामावर घेईन, पगार वाढवून. आणि तू पिस्ता रंगाच्या खोलीत. सगळे आपापल्या जागी.

आज सकाळी आईने तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी वकिली नाही, सरळ. चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, 'अहो, पोटुशी आहे ती. अजून फोन करता येतो. माझ्या फोनवरून करा.' फोन पुढे केला. मी कप उचलला. ती किती तरी वेळ हात तसाच धरून उभी होती.

पंधराला सकाळी मी उत्तनला जाणार. मेन पडतो त्याचा आवाज मला स्वतःच्या कानाने ऐकायचाय.


नवघर
१७ फेब्रुवारी २०२५

रसिका,

तू तिथे होतीस, तरी माझ्या बाजूने लिहितो, कारण तिथे मला बोलायला जमलं नाही. ही माझ्यासाठी नवीन गोष्ट आहे.

पहिल्या बसने पोचलो. मिस्त्रीने पॅनेलच्या खोलीबाहेर खुर्ची दिली, चहा दिला. वर सनई लागलेली, पोरं जिन्यात धावत होती, कोणीतरी ओरडत होतं, 'मावशीच्या बाथरूममध्ये कोण शिरलंय?' एकेका खोलीचं पाणी सुरू झालं. मी डोळे मिटून ऐकत होतो. गीझर तापायला लागला की पाइपात बारीक सूं होतं, तुला ऐकू यायचं नाही. एक, मग चार, मग मोजता येईनात. आता सगळे लागले असं मला कळलं. मी कप खाली ठेवला आणि ब्रेकरच्या खटक्याची वाट बघत बसलो.

सनई संपली. परत लागली. बायका केस पुसत खाली यायला लागल्या, अंगातून वाफा निघत होत्या. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, 'पाणी काय कडक आहे हो, वा!'

खटका नाही.

तेवढ्यात पॅनेलच्या खोलीतून जितेश बाहेर आला. हातात क्लॅम्प मीटर. मला बघून दचकला नाही, हे मला दचकवून गेलं.

'अण्णा, आत या ना. बाहेर कशाला बसलाव?' आत नेलं, माझ्यासमोर एका वायरला मीटर लावला. 'बघा. पावणेनव हाय. दुसरा बघा. पावणेनव.'

मी म्हटलं, 'तुझ्याकडे दहाला पास व्हायचं.'

त्याने माझ्या मागे बघितलं. तू दारात उभी होतीस, एक हात कमरेवर, जांभळी साडी. तू बारीक झालीस तोंडाने.

'दोन हजारला दहाने भागलं, अण्णा,' तू म्हणालीस. 'दोनशे आले. म्हणजे लाईन दोनशेची. तुमच्याकडे पावणेनऊने भागलं तर दोनशेतीसच्या जवळ येतात. तुमची लाईन आमचीच, खांब एकच. मग तुमच्याकडे तीस व्होल्ट कुठून यायचे? देवाने दिले?'

जितेश म्हणाला, 'मंग आमी पण देवाच्या मागं डिमर ठेवला.' आणि हसला, पण वाईट नाही हसला. तो हसला नसता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, 'मग रोज दहा दहा काय ओरडत होता?'

'तुमच्यासाठी,' तू म्हणालीस. 'तुमचे कान चांगले म्हणून.'

आणि मग ते म्हणालीस. आवाज न चढवता, दुकानात भाव विचारावा तसं. 'पहिल्यांदा आईला पाठवलं तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. पहिले पाच एलिमेंट बिघडले होते, आम्हाला कळत नव्हतं काय चुकतंय. मी म्हटलं अण्णांना विचारू, अण्णा सांगतील. तुम्ही लिहिलंत, मीटर नवा आहे. मी मीटर दुकानात नेऊन तपासला, मीटर बरोबर होता. मग भागायला बसले. पुढच्या दोन वेळी फक्त बघायचं होतं.'

पिशवीतून तू कागदात गुंडाळलेला एलिमेंट काढून माझ्या हातात ठेवलास. 'त्या पाचातला एक. ठेवा देवाजवळ.'

मी तिथे म्हणायला हवं होतं ते आता लिहितो. भागाकार छान केलास. माझ्या इतक्या कारागिरांत एकालाही तो सुचला नाही. माझी पोरगी आहेस म्हणून सुचला. हे मी खरोखर कौतुकाने लिहितोय. आणि तुम्ही मला तीन महिने भिंतीला कान लावून बसवलंत, मी हरलो, मान्य. धंद्यात हार मान्य करायची असते. आता झालं ना? फिटलं. खोली तयार आहे, जितेशलाही येऊ दे घरात, पार स्वयंपाकघरापर्यंत येऊ दे. मी चुकलो असं मात्र लिहिणार नाही, कारण आजपर्यंत मी ते कोणालाच लिहिलेलं नाही आणि खोटं वाटेल.

घरी आलो तर आई लुगडी घड्या करून बॅगेत भरत होती. पाळण्याची दोरी सोडून गुंडाळून ठेवलेली.

मी म्हटलं, 'कुठे?'

'पूनम सागरला. पोरीचं बाळंतपण आईजवळ व्हायला हवं. आई जिथे असेल तिथे माहेर.'

'तुलाही माहीत होतं सगळं?'

'शनिवारी मूर्ती कोण पुसायचं? मूर्तीमागचा मीटर पण मीच पुसायचे ना. काळी मूठ पण. काही विचारलं नाही कधी, म्हणजे दिसत नव्हतं असं नाही.'

'मग तूच का नाही सांगितलंस तिला पहिल्याच दिवशी?'

तिने बॅगेची चेन लावली. ती अडकते मधेच, दरवेळी मी लावून देतो. या वेळी तिने स्वतः ओढली, दोनदा, आणि लागली.

'तुम्ही सांगावं असं वाटत होतं,' ती म्हणाली.

पाळणा न्यायला जितेश टेम्पो घेऊन आला. मी म्हटलं, आत ये. तो दारापर्यंत आला, पाळणा उचलला आणि गेला.

उत्तर पाठव.

अण्णा


नवघर
१९ जून २०२५

रसिका,

फेब्रुवारीचं पाकीट परत आलं. वर शिक्का, घेण्यास नकार. मार्चचं आलं, एप्रिलचं आलं. पोस्टमन आता माझ्याकडे बघून हसत नाही. पूर्वी चहा घ्यायचा, आता घाईत असतो. हेही परत येणार, तरी लिहितोय.

मुलगी झाली हे मला इस्टेटीच्या वॉचमनने सांगितलं. पेढे त्यालाही मिळाले होते. नाव काय ठेवलंत ते त्याला नीट आठवेना.

माझं काम तसंच चाललंय, म्हणजे थोडं कमी. उत्तनवाल्यांनी दुसऱ्या इमारतीची ऑर्डर पण तुम्हालाच दिली, हे ऐकलं, भिंतीतूनच. कारागीर दोघे सोडून गेले. दुपारी पंखा बसला की मी अजून उदबत्ती लावतो, चप्पल काढतो, मूठ फिरवतो, पण मागे हात जोडून उभं राहायला कोणी नाही. तुझा एलिमेंट देव्हाऱ्यात आहे. मोजला. बरोबर वीस ओहम.

खोलीचा रंग दुपारच्या उजेडात जरा फिका वाटतो. परत हात मारायला हवा. मी अजून मारलेला नाही.

आज लिहायचं कारण वेगळं. सकाळी तुम्ही सगळे गाळ्यात आलात, पूजा होती बहुतेक, नव्या मशीनची. पहिल्यांदाच बाळाला आणलंत. मला आधी चपला ऐकू आल्या, तुझ्या, मग आईच्या. आई डावा पाय जरा ओढते. मग एक आवाज जो मी कधी ऐकला नव्हता, अगदी लहान, कुरकुर करणारा. मी हातातलं काम ठेवलं. आमचा पंखा घरघरतो, म्हणून उठून तो बंद केला. उरलेल्या एका कारागिराला म्हटलं मशीन थांबव. तो म्हणाला, 'काय झालं अण्णा?' मी म्हटलं, 'गप.'

आणि भिंतीला कान लावला.

तू तिला दूध पाजत असावीस. आई म्हणाली, 'आण इकडे, खांद्यावर घेते.' पाठीवर थोपटल्याचा आवाज आला, हळू, एकसारखा, तुला थोपटायची तसा. मग बाळाने मोठी ढेकर दिली. एवढ्याशा जिवाच्या मानाने फारच मोठी.

आणि आई, आपली आई, जी माझ्या घरात कधी आवाज चढवून बोलली नाही, भिंतीला तोंड लावून मोठ्यांदा ओरडली:

'दहा अँपिअर, दोन हजार, पास!'

सगळे हसलात. जितेश हसला, तू हसलीस, तुझं हसणं मी कुठेही ओळखीन. आणखी एक बाई हसत होती, पोट धरून, थांबता थांबत नव्हती. मी विचार करत होतो, ही कोण आणलीय यांनी.

फार उशिराने कळलं, ती तुझी आई, मनोरमा.